म्युझिक हॉल : गाणं, दारू आणि परवाना

म्युझिक हॉल म्हणजे दारू पीत गाणी-करमणूक बघायचं ब्रिटनमधलं सभागृह. व्हिक्टोरियन काळात तो घडवला 1843 च्या थिएटर्स ॲक्टने. नाटक करायचं तर थिएटरचा परवाना हवा आणि प्रेक्षागृहात दारू-सिगार बंद. गाण्या-नाचाचा परवाना घेतला तर दारू विकता येई, पण नाटक करता येत नसे. पबमालकांची खरी कमाई दारूवर, त्यामुळे बहुतेकांनी गाणं निवडलं.

गाण्याची प्रथा आधीपासून होतीच. लंडनमधल्या कोव्हेंट गार्डनच्या ‘इव्हान्स’मध्ये रात्री उशिरा जेवण आणि गाणी चालत, ती फक्त पुरुषांसाठी. कामगारवस्तीतल्या पबांत गिऱ्हाइकंच आळीपाळीने गात. चार्ल्स मॉर्टनने 1852 मध्ये लॅम्बेथच्या कँटरबरी आर्म्स या पबला लागून खास हॉल उघडला, बायकांनाही प्रवेश दिला. धंदा इतका वाढला की 1856 मध्ये त्याच जागी त्याने मोठा हॉल बांधला.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 1859 चा ‘विल्टन्स’ आजही उभा आहे. सुरुवातीची रचना कळायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पुढे पब, मागे लांबट हॉल, पीळदार बिडाच्या बारीक खांबांवर तीन बाजूंनी सज्जा. एके काळी छताला गॅसच्या शेकडो ज्योतींचं झुंबर होतं. खाली टेबलं मांडलेली, वेटर फिरत असलेले, आणि रंगमंचाजवळ लाकडी हातोडा घेऊन बसलेला चेअरमन. कलाकाराचं नाव पुकारायचं आणि गलका आवरायचा, हे त्याचं काम.

अशा गलक्यात लांबलचक गोष्ट टिकणं शक्य नव्हतं. म्हणून छोटे ‘टर्न’, म्हणजे एकेका कलाकाराचे थोडक्या वेळाचे कार्यक्रम, आले आणि गाण्याला सोपं, खणखणीत धृपद आलं. कडवं गायकाने म्हणायचं, धृपद सगळ्या हॉलने उचलायचं. नावाजलेले गायक घोडागाडीने एका रात्रीत तीन-चार हॉल करत. जॉर्ज लेबर्नने शॅम्पेनवरचं गाणं गाजवलं, त्यात मद्यविक्रेत्यांचाही फायदा होताच.

गॅस, लाकूड आणि गर्दी एकत्र आली की आग ठरलेली. ‘विल्टन्स’ 1877 मध्ये जळला आणि पुन्हा बांधला गेला. 1878 च्या कायद्याने लंडनमध्ये सुरक्षिततेचा दाखला सक्तीचा केला. त्यासाठीचा बांधकामखर्च न झेपल्याने अनेक लहान हॉल बंद पडले. ‘विल्टन्स’ची इमारत 1888 मध्ये मेथडिस्ट मिशनकडे गेली.

मोकळी झालेली बाजारपेठ मॉस आणि स्टोल यांच्यासारख्या, अनेक हॉलांची साखळी चालवणाऱ्या मालकांनी काबीज केली. टेबलं गेली, रांगेतल्या खुर्च्या आल्या, चेअरमनची गरज संपली. रात्री दोन खेळ सुरू झाले, वर दुपारच्या खेळांचं जादा काम बिनपैशाचं. त्याविरुद्ध 1907 मध्ये कलाकारांनी संप केला. भरपूर मानधन घेणारी गायिका मारी लॉइड तेव्हा कमी पगाराच्या सहकाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि या साऱ्या इतिहासात तिच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो त्यामुळे. 1912 च्या, राजासमोर झालेल्या पहिल्या रॉयल कमांड कार्यक्रमात मात्र तिला बोलावणं नव्हतं. 1914 मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने प्रेक्षागृहातली दारूही हद्दपार केली.