बेंजो वाजवायला शिकणे

महाराष्ट्रात, त्यातही मुंबई, ठाणे, रायगड आणि कोकणात, बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणे बसवलेले वाद्य. ‘बुलबुल तरंग’ हे त्याचे दुसरे नाव. नाव कोणी बँजो लिहितो, कोणी बेंजो. बोलताना बहुतेकांच्या तोंडी ‘बेंजो’च असते. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या पिकने, म्हणजे छोट्या चपट्या तुकड्याने, तार छेडायची, इतकी साधी ही रीत आहे. त्यामुळे ओळखीच्या गाण्याची पहिली ओळ नवशिक्यालाही लवकर काढता येते. ती ऐकवण्याजोगी व्हायला मात्र बराच वेळ लागतो, आणि त्याचे कारण बटणांखालच्या रचनेत आहे.

अमेरिकेतला बँजो हे वेगळेच वाद्य आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांपासून तो घडला. त्याला डफासारखे गोल, पडदा ताणलेले अंग आणि लांब मान असते. पाच तारांच्या प्रकारात पाचवी तार आखूड असते आणि ती अंगठ्याने वाजवतात. आपल्या बेंजोने त्याच्याकडून घेतले ते फक्त नाव. हे सांगावे लागते, कारण मोबाइलवर बँजोचे धडे शोधणाऱ्याला बहुधा अमेरिकन वाद्याचेच धडे सापडतात आणि घरातल्या बेंजोवर त्यांतले एकही बोट जुळत नाही.

आपल्या बेंजोचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून हे नाव. टाइपरायटरच्या बटणांची कल्पना त्यांनी तारवाद्याला लावली. बहुधा १९३० च्या दशकात ते भारतीय उपखंडात पोहोचले आणि जागोजागी वेगळ्या रूपात रुजले. बलुचिस्तानात आणि कराचीच्या बलुच वस्त्यांत त्याचे मोठे रूप ‘बेंजू’ म्हणून लोकसंगीतात मानाने वाजते. मुंबईत त्याला तारांचा आवाज टिपणारा पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडले गेले आणि ते रस्त्यावर उतरले. हळदी, वराती, गणपतीचे आगमन-विसर्जन, शिवजयंती अशा प्रसंगी वाजणाऱ्या ‘बेंजो पार्टी’त सूर धरण्याचे काम बेंजोकडे असते. आता त्याच्या जोडीला, कधी त्याच्या जागीही, कीबोर्ड दिसतो. शास्त्रीय संगीताच्या वर्तुळात मात्र या वाद्याला फारसे स्थान मिळाले नाही. बटणांनी सूर बांधून टाकल्यामुळे त्यावर सतारीसारखी तार खेचून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, काढता येत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की रस्त्यावर वाजणाऱ्या वाद्याकडे आपल्याकडे नाक मुरडूनच पाहिले जाते.

वाद्याच्या तारा दोन प्रकारच्या असतात. बटणांखालून जाणाऱ्या तारांवर गाणे वाजते. या तारा एकाहून अधिक असतात आणि बहुधा एकाच सुरात लावलेल्या असतात. बाजूच्या तारांना बटण पोहोचत नाही. त्या षड्ज-पंचमात (सा आणि प) लावून साथीपुरत्या छेडतात. म्हणून शिकण्याची सुरुवात वाजवण्याने न होता तारा जुळवण्याने होते. गाण्याच्या दोन तारा एकत्र छेडल्यावर आवाजात ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू आली, तर त्या जुळलेल्या नाहीत. खुंटी हळूहळू पिळत गेले की लाट मंदावते आणि दोन तारांचा एक सूर होतो, तिथे थांबायचे. तारेच्या बरोबर मध्यावर दाबणाऱ्या बटणावर खुल्या तारेचाच वरच्या सप्तकातला सूर यायला हवा. तो चढा किंवा उतरलेला वाटत असेल आणि वाद्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकती असेल, तर ती जागेवरून हललेली असण्याची शक्यता असते. नवशिका अशा वेळी आपल्या कानालाच दोष देतो.

आता बटणांची गोष्ट. बटण दाबले की तार खालच्या पट्टीवर टेकते, तिची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. बोट उचलले की स्प्रिंग बटणाला वर ढकलते आणि तार पुन्हा मोकळी होते. हार्मोनियमवर पट्टी सोडली की आवाज बंद होतो. इथे बटण सोडले आणि त्याच क्षणी पिक फिरली, तर खुली तार बोलते. ‘ग’वरून ‘म’वर जाताना मध्येच नको असलेला खालचा सूर ‘टँग’ करून घुसतो तो यामुळे. हार्मोनियम येणारे लोक बेंजोवर सुरुवातीला अडखळतात तेही इथेच.

यावरचा उपाय यंत्रातच आहे. दोन बटणे एकदम दाबली तर वरच्या सुराचेच बटण बोलते, कारण तारेची वाजणारी लांबी तेच ठरवते. म्हणून आरोहात आधीचे बोट न उचलता पुढचे बटण दाबायचे. अवरोहात याच्या उलट: खालच्या सुराचे बटण आधीच दाबून ठेवायचे आणि मग वरचे बोट उचलायचे. एका बोटाने बटणे टोचत गेले तर हे कधीच साधत नाही. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका पहिल्या दिवसापासून कामाला लावावी लागतात. सारेग, रेगम, गमप असे साधे पलटे दोन्ही दिशांनी, अगदी संथ, खुली तार एकदाही न बोलू देता वाजवणे हा पहिल्या काही आठवड्यांचा पुरेसा अभ्यास आहे. बटणांवर पेनाने सारेगम लिहिले तरी बिघडत नाही. फक्त नजर कायम तिथेच राहता कामा नये.

बेंजोचा खरा कस उजव्या हातात आहे. छेडलेल्या तारेचा आवाज लगेच विरत जातो, त्यामुळे लांब सूर टिकवायचा तर पिक वर-खाली भरभर आणि एकसारखी फिरवत ठेवावी लागते. हे काम मनगटाचे. कोपरातून जोर लावणाऱ्याचा हात एका गाण्यातच भरून येतो. पिक गच्च आवळली तर तारेत अडकते, सैल धरली तर उडून जाते. शिवाय फेरा रुंद झाला की साथीच्या तारांनाही धक्का लागतो आणि सगळा गोंगाट होतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून हे दोष कितीतरी पटींनी मोठे ऐकू येतात, म्हणून वायर न जोडता सराव करणे बरे.

पहिली गाणी म्हणून आरत्या आणि कोळीगीते सोयीची पडतात. त्यांच्या चाली थोड्या सुरांत फिरतात, पुन्हा पुन्हा येतात आणि मुख्य म्हणजे शिकणाऱ्याच्या कानात लहानपणापासून असतात. बेंजो पार्टीत शिक्षण असते तेही कानानेच: जुन्या वादकाच्या शेजारी बसायचे, त्याची बोटे पाहायची, घरी येऊन चाल शोधायची. गणपतीआधी तालमी सुरू झाल्या की नवा मुलगा त्यांत बसतो, आणि एकट्याने वाजवताना न कळलेली एक गोष्ट त्याला तिथे कळते. सूर चुकला तर मागचे ढोल तो झाकून घेतात. लय चुकली तर सगळी पार्टी थांबते. चालत्या गाडीवर, गर्दीत, आपलाच आवाज नीट ऐकू येत नसताना वाजवणे ही पुढची पायरी. त्यालाही वेळेची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.

गणपतीचा हंगाम पावसाळ्यातच येत असल्याने तारांना गंज चढतो आणि त्या खरखरीत होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसणे आणि पेटीत एक जादा संच ठेवणे हे काम वादकाचेच. ऐन मिरवणुकीत गाण्याची एखादी तार तुटली तर बाकीच्या तारेवर गाणे पुरे करता येते. मात्र एका तारेवरचा ताण गेल्याने दुसरीचा सूर किंचित हललेला असू शकतो, तेव्हा पुढच्या गाण्याआधी खुंटीला हात लावलेला बरा.