शंभर उंबऱ्यांचं गाव, हजार शांगिराकांची वस्ती

‘शंभर उंबऱ्यांचं गाव’ असं आपण सहज बोलून जातो. उंबरे मोजायला कुणी जात नाही. घर, त्यातली माणसं, त्यांची चूल हे सगळं दाराच्या एका आडव्या लाकडात मावतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. कझाख माणूस हेच सांगताना खाली न बघता वर बघतो. त्याच्या भाषेत कुटुंबं मोजतात ती शांगिराकांत.

शांगिराक म्हणजे भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूच्या माथ्यावरचं लाकडी कडं, ज्याच्या आत काड्यांची फुली असते. या तंबूला जग ‘युर्त’ म्हणतं, कझाख मात्र ‘कियीझ उय’, म्हणजे नमद्याचं घर. नमदा हा घोंगडीसारखा विणलेला नसतो. लोकर भिजवून, गुंडाळून, दाबून तिचे तंतू एकमेकांत गुंतवले की तो तयार होतो.

या घराची रचना बघण्यासारखी आहे. भिंत म्हणजे ‘केरेगे’ नावाची लाकडी जाळी. आपल्या इमारतींच्या दाराला सरकती लोखंडी जाळी असते ना, तशीच ती उघडते आणि मिटते, फक्त सांध्यांवर कच्च्या कातड्याच्या गाठी असतात. जाळी गोल उभी राहिली की बेचक्याच्या लांब काठीने कडं मधोमध वर धरायचं आणि बाकदार दांडे, म्हणजे ‘उक’, एकेक करून बसवायचे. दांड्याचं खालचं टोक जाळीला बांधलेलं, वरचं कड्याच्या भोकात. सगळे दांडे कड्याला चहूबाजूंनी आत रेटतात, त्यामुळे कडं हलायला जागाच उरत नाही. त्याच जोराने भिंत बाहेर फाकू पाहते, तर तिला भोवतीचे विणलेले पट्टे आवळून धरतात. मधे खांब नाही, कुठे खिळा नाही. हे घर बांधण्याचं कझाख आणि किरगिझ कौशल्य युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता चिन्हांकडे येऊ. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (होय, उच्चार बटव्याच्या ‘पर्स’सारखाच) यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. काही चिन्हं वस्तूसारखी दिसतात, जसं चित्र. काही वस्तूशी प्रत्यक्ष जोडलेली असतात, जसा आगीशी धूर किंवा पायाशी पाऊलखूण. आणि काही केवळ माणसांनी मानली म्हणून चालतात. शांगिराकची मौज अशी, की तो तिन्ही प्रकारांतून फिरून आलाय.

आधी धूर घ्या. तंबूत चूल मधोमध, आणि धूर जायला वाट एकच, माथ्यावरचं कडं. वर्षानुवर्षं धूर खाऊन ते काळं पडतं. म्हणजे काळं कडं दिसलं की या घरात पिढ्यान् पिढ्या चूल पेटतेय हे सांगावं लागत नाही. ‘कारा शांगिराक’, शब्दशः काळं कडं, म्हणजे वडिलोपार्जित मूळ घर. यातला ‘कारा’ नुसता रंग नाही, त्याला ‘थोर’ अशीही छटा आहे. थोरले मुलगे लग्न करून वेगळा तंबू उभारत आणि वडिलांचं घर धाकट्याकडे जाई. ‘थोरली पाती’ म्हटलं की मान ताठ होणाऱ्या आपल्याकडे हे जरा उलटंच वाटेल.

भाषेने हे कडं नंतर लाकडापासून सोडवलं. ‘शांगिराक उचलणं’ म्हणजे संसार थाटणं. आशीर्वाद देताना ‘तुझा शांगिराक उंच असो’, आणि शिव्याशाप देताना ‘तुझा शांगिराक मधोमध कोसळो’. शेतकऱ्याची भाषा घरावरून नांगर फिरवते, गुराख्याची भाषा छत पाडते. ज्याचं जे जगणं, त्याच्या शापात तेच हत्यार.

त्या भाषेत ‘झुर्त’ हाही एक शब्द आहे. तंबू हलवल्यावर मागे उरलेली राहत्या जागेची खूण म्हणजे झुर्त, आणि ‘लोक’ या अर्थीही झुर्तच. याच मूळ शब्दावरून रशियनांनी घराला ‘युर्ता’ म्हटलं. थोडक्यात, जग ज्याला घर म्हणून ओळखतं, तो शब्द कझाखांच्या तोंडी घर उठून गेल्यानंतरच्या जागेचा.

१९३० ते १९३३ या काळात असं उठून जाणं कायमचं झालं. सोव्हिएत सत्तेने कळप सरकारजमा केले आणि भटक्यांना सक्तीने एका जागी बसवलं. दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यांतले बहुसंख्य कझाख. जनावरं गेली तिथे तंबू हलवायचा कशाला?

स्वतंत्र झालेल्या कझाखस्तानने जून १९९२ मध्ये राजचिन्ह स्वीकारलं, तेव्हा बहुतेकांची घरं भिंतींची आणि पक्क्या छपराची झाली होती. तरी झांदारबेक मालिबेकोव्ह आणि शोता वालिखानोव्ह या वास्तुकारांनी निळ्या पार्श्वभूमीवर मधोमध काय ठेवलं, तर शांगिराक. त्याच्यापासून दांडे सूर्यकिरणांसारखे फाकतात. चित्र खऱ्या कड्यासारखं दिसतं, पण ‘सगळे एका छताखाली’ हा त्याचा अर्थ ठरवून दिलेला आहे.

ठरवलेला अर्थ मात्र ठरवल्या जागी बसून राहत नाही. शेजारच्या किरगिझस्तानच्या झेंड्यावर हेच कडं सूर्याच्या पोटात आहे. तिथले नागमोडी किरण सूर्यफुलासारखे दिसतात अशी कुरकुर झाली, कारण किरगिझमध्ये सूर्यफुलाचा शब्द लाचार, परावलंबी माणसालाही लावतात. डिसेंबर २०२३ मध्ये कायदा करून किरण सरळ केले. मला विचाराल तर जुना सूर्य जास्त देखणा होता, पण झेंड्याचा निकाल देखणेपणावर लागत नाही.

कझाखस्तानातल्या अल्माटी शहराच्या कडेला गावांकडून आलेल्या गरीब कुटुंबांनी वस्ती उभारली. जुलै २००६ मध्ये तिथली घरं पाडायला पोलिस आले आणि रहिवाशांशी झटापट पेटली. त्या वस्तीचं नाव शांगिराक.