पाकीट की पॅकेट? ट्रेडिंग कार्ड परदेशी पाठवताना होणारी गल्लत

ट्रेडिंग कार्ड म्हणजे जमवायचं, खेळायचं आणि अदलाबदल करायचं छापील कार्ड. पोकेमॉनचं असं एक कार्ड ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच आणि वजनाला जेमतेम पावणेदोन ग्रॅम. साध्या पांढऱ्या पाकिटात सरकवलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं की हातात जे येतं ते हुबेहूब पत्र दिसतं. सीमा ओलांडताना मात्र ते पत्र राहत नाही. मराठीत पाकीट आणि पॅकेट हे शब्द कानाला इतके जवळचे आहेत की पोस्टाच्या खिडकीवर बोलतानाही घोळ होतो. परदेशी टपालात या दोघांचा दर वेगळा, फॉर्म वेगळा, नंबर वेगळा आणि वस्तू हरवली तर मिळणारी भरपाईही वेगळी. कार्डं परत येतात, कस्टम्समध्ये अडकतात किंवा दुमडून पोचतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका गल्लतीत असतं.

बहुतेकांचा समज असा, की पातळ असेल तर पाकीट आणि जाड झालं की पॅकेट. तो अर्धाच खरा आहे. जागतिक टपाल संघटनेच्या मापांप्रमाणे लहान पत्र म्हणजे जास्तीत जास्त २४५ × १६५ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर, वजन १०० ग्रॅम. मोठं पत्र म्हणजे ३८१ × ३०५ मिलिमीटर, जाडी २० मिलिमीटर, वजन ५०० ग्रॅम. पण या मापात बसणं ही झाली एक अट. दुसरी अट आत काय आहे याची, आणि निर्णय तीच करते. २०१८ पासून संघटनेने पत्रांच्या वर्गात कागदपत्रं आणि माल अशी सरळ फाळणी केली. पाकिटातून जाणार ती फक्त कागदपत्रं. माल कितीही पातळ असला तरी तो स्मॉल पॅकेट म्हणूनच जायचा, २ किलोपर्यंत.

तीन मिलिमीटर जाडीच्या पाकिटात वाढदिवसाचं शुभेच्छापत्र असेल तर ते पत्र. त्याच पाकिटात चारिझार्डचं पोकेमॉन कार्ड असेल तर ते पॅकेट. शुभेच्छापत्राच्या आतल्या पानावर चारिझार्ड चिकटवून पाठवला, तरीही पॅकेटच. ‘कार्ड कागदाचंच आहे ना, छापीलच आहे ना’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण कागद कसला आहे हे कोणी विचारत नाही. त्यावर कोणी कोणाला काही कळवलं आहे, की ती विकत घेता-देता येणारी वस्तू आहे, एवढंच पाहिलं जातं. ट्रेडिंग कार्डाला बाजारभाव असतो, म्हणून तो माल.

मग इतके जण पाकिटातून पाठवतात ते का? याचं उत्तर अमेरिकेत आहे. तिथे देशांतर्गत टपालात साध्या पाकिटातून कार्ड पाठवणं पूर्णपणे नियमात बसतं. ईबेने तर स्वस्त कार्डांसाठी वेगळी पाकीट-सेवाच ठेवली आहे, २० डॉलरपर्यंतच्या कार्डांना आणि फक्त अमेरिकेच्या हद्दीत. तिथल्या विक्रेत्यांचे पॅकिंगचे व्हिडिओ जगभर पाहिले जातात आणि पाहणारा तीच पद्धत सीमेपलीकडे वापरतो. परदेशी टपालासाठी तिथल्याच टपाल खात्याने २१ जानेवारी २०१८ पासून पत्रांतून माल पाठवणं बंद केलं. फरक लहान नाही. जुलै २०२५ मध्ये एक औंसाच्या, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमच्या परदेशी पत्राला १.७० डॉलर लागत होते. तेच कार्ड परदेशी पॅकेट म्हणून पाठवलं की दर त्याच्या दहापटीच्या आसपास जातो. दोन डॉलरचं कार्ड मागवताना हा खर्च जिवावर येतो हे खरंच आहे. त्यावरचा सरळ उपाय एकच: सुटं कार्ड मागवू नका, दहा-वीस कार्डं एकत्र मागवा. पॅकेटचा दर वजनाच्या टप्प्यांवर असतो. पहिल्या टप्प्यातच कार्डं वाढवली तर टपालखर्चात काहीच भर पडत नाही.

मात्र टप्पा कुठे ओलांडतो ते घरच्या काट्यावर आधी पाहावं. मॅजिक या पत्त्यांच्या खेळाचा ६० कार्डांचा डेक, म्हणजे संच, स्लीव्हशिवायच (प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांशिवाय) साधारण १०८ ग्रॅम भरतो. पहिला टप्पा १०० ग्रॅमचा असेल तर नुसती कार्डंच तो ओलांडतात, डबा आणि पुठ्ठा बाजूलाच राहिला. काढता येण्याजोगी कार्डं काढून ५० केली तरी पॅकिंगसकट वजन १०० च्या आत राहतं असं नाही. सगळं बांधून, लेबल लावून मगच तोलायचं.

पाकिटाचं दुसरं नुकसान पैशात मोजता येत नाही. पत्रं यंत्रातून जातात. पट्ट्यांच्या चिमटीत धरलेलं पाकीट भराभर रुळांवरून वळतं, आणि वळताना आतली वस्तूही वाकावी अशीच त्या यंत्राची अपेक्षा असते. कार्ड नुसत्या स्लीव्हमध्ये असेल तर तेही वळतं आणि मधोमध पांढरी घडी पडते. टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात, असेल तर ते वळत नाही. मग पाकीट कडेने फाटतं आणि टॉपलोडर उसळून बाहेर पडतो. समोरच्याच्या हाती येतं ते एका बाजूने चौकोनी फाटलेलं रिकामं पाकीट. पॅकेटं या पत्रांच्या यंत्रात घालत नाहीत, त्यांची वर्गवारी वेगळी होते. जास्तीच्या दरात हेही मोजलेलं असतं.

पॅकेट बांधायचं ते असं. कार्ड आधी मऊ पेनी स्लीव्हमध्ये, म्हणजे स्वस्त पातळ स्लीव्हमध्ये. मग ७६ × १०१ मिलिमीटरच्या टॉपलोडरमध्ये, स्लीव्हचं तोंड टॉपलोडरच्या तोंडाकडे. वरच्या तोंडावर मास्किंग टेपचा तुकडा, आणि त्याचं एक टोक अर्धा सेंटीमीटर आत दुमडलेलं, म्हणजे उघडणाऱ्याला धरायला जागा राहते. इथे सेलोटेप कधीही नको. तिचा गोंद प्लॅस्टिकवर राहतो, काढताना हिसका बसतो आणि कार्डाचा कोपरा टॉपलोडरच्या कडेवर आपटतो. टेप लावलीच नाही तर प्रवासभर कार्ड वर-खाली सरकत राहतं आणि वरचे दोन्ही कोपरे मऊ होतात. त्यावर टीम बॅग (चिकटपट्टीने बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी) किंवा झिपची पिशवी. पावसाळ्यात मुंबई-कोकणातून पाठवताना ही पिशवी टाळू नका: फॉइल म्हणजे चमकत्या कार्डाचा कागद दमट हवेतलं पाणी पितो, वरचा चकचकीत थर पीत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं.

मग खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, टॉपलोडरपेक्षा चारही बाजूंनी सेंटीमीटरभर मोठे. एका तुकड्याच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. दोन्ही एकाच दिशेने लावल्या तर पुठ्ठा त्याच रेषेवर मोडतो आणि आतलं कार्डही तिथेच मोडतं. चारही कडांना टेप. हे सगळं बबलच्या पाकिटात. बाहेरचं माप ९० × १४० मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही. शिवाय पत्ता आणि कस्टम्सचं लेबल दोन्ही सपाट बसायला हवीत, म्हणून प्रत्यक्षात १०० × १५० पेक्षा मोठंच घ्यावं.

पाकिटाला कस्टम्सचा फॉर्म लागत नाही, पॅकेटला लागतोच. मालाची किंमत ३०० एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने ४०० डॉलरपर्यंत असेल तर सीएन २२ हा छोटा फॉर्म, त्यावर सीएन २३. वर्णनात नुसतं ‘कार्ड’ लिहू नका. ते वाचून कोणी बँकेचं कार्ड समजेल, कोणी शुभेच्छापत्र. ‘छापील ट्रेडिंग कार्डं, कागदी, १२ नग’ अशा अर्थाचं पूर्ण वर्णन इंग्रजीत लिहा. एचएस क्रमांकाच्या, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या क्रमांकाच्या रकान्यात खेळाच्या पत्त्यांचा ९५०४.४० आणि छापील चित्रांचा ४९११.९१ हे दोन क्रमांक कामाला येतात. पोकेमॉन-मॅजिकसारख्या खेळायच्या कार्डांना साधारणपणे पहिला, क्रिकेट-बेसबॉलपटूंच्या संग्राह्य कार्डांना दुसरा. अदलाबदल असेल तरी किंमत शून्य लिहायची नाही. आजच्या बाजारात जो भाव मिळेल तो लिहायचा. अदलाबदल ही भेट नव्हे, त्यामुळे ‘गिफ्ट’च्या चौकोनात खूणही नको.

भारतात येणाऱ्या कार्डांबाबत हा चौकोन सगळ्यात घातक. १२ डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणण्यावर बंदी आहे. अपवाद जीवरक्षक औषधं आणि राखी. न्यू जर्सीतला मामा ठाण्यातल्या भाच्याला कौतुकाने बूस्टर पॅक (कार्डांचं सीलबंद पुडकं) पाठवतो आणि चांगल्या हेतूनेच ‘गिफ्ट’वर खूण करतो. फॉर्मवरची तीच खूण मुंबईच्या परदेश टपाल कार्यालयात आडवी येऊ शकते. मामाने खरी किंमत लिहून साधा माल म्हणून पाठवावं. शुल्क लागलंच तर ते पोस्टमन दारात घेतो. उलट युरोपीय संघात दोन खासगी व्यक्तींमधल्या ४५ युरोपर्यंतच्या खऱ्या भेटीला सूट आहे, पण विकत घेतलेल्या मालाला १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो. अमेरिकेची ८०० डॉलरची सूट २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने तिकडची बुकिंग थांबवली आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू केली. आता तिकडच्या पॅकेटचं शुल्क पाठवणाऱ्याकडूनच बुकिंगच्या वेळी घेतात. समोरच्याला भाव सांगताना ते आधीच धरा.

फॉर्मवरची माहिती हल्ली पॅकेटच्या आधी पोचते. मालाची इलेक्ट्रॉनिक सूचना आधी पाठवणं टपाल संघटनेच्या नियमाने २०२१ पासून सक्तीचं झालं. म्हणून खिडकीवरचा कर्मचारी फॉर्ममधलं सगळं संगणकात भरतो आणि वेळ लागतो. तिथे घाई करू नये. सूचना नसेल तर पॅकेट वाटेत अडू शकतं. पत्र म्हणून टाकलेल्या कार्डाची सूचना गेलेलीच नसते, आणि तपासणीत आत कडक चौकोन दिसला की ते परत येऊ शकतं.

पॅकेटवरच्या नंबराचाही एक घोळ आहे. अक्षरं आणि अंक मिळून नंबर १३ चिन्हांचा असतो: दोन अक्षरं, आठ अंक, एक पडताळणीचा अंक आणि देशाची दोन अक्षरं. उदाहरणार्थ यूए १२३४५६७८५ आयएन. पहिलं अक्षर नीट पाहा. ‘यू’ असेल तर तो नंबर कस्टम्सच्या सूचनेशी जोडण्यापुरता आहे, त्यावर ट्रॅकिंगची हमी नाही. बरेच जण तो समोरच्याला ट्रॅकिंग म्हणून पाठवतात आणि दोन आठवडे काही हललं नाही की भांडण सुरू होतं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड (भारतातून रजिस्टर्ड स्मॉल पॅकेट २०२६ पासून बंद झालं). ‘एल’ म्हणजे ट्रॅक्ड. आपल्याकडची २०१८ साली सुरू झालेली ट्रॅक्ड पॅकेट सेवा ही त्यातली. ‘ई’ म्हणजे ईएमएस, ही जलद टपालसेवा. आणि पाकीट रजिस्टर केल्याने त्याचं पॅकेट होत नाही. रजिस्टर्ड पत्रात कार्ड सापडलं तर ते चुकीच्या वर्गातलंच ठरतं, आणि भरपाई मागताना आत काय होतं हे सांगायची सोय उरत नाही.

रजिस्टर्ड वस्तू हरवली तर टपाल संघटनेच्या नियमात भरपाई ३० एसडीआर धरलेली आहे, सुमारे ४० डॉलर. कार्ड त्याहून महाग असेल तर विमा उतरवता येईल अशीच सेवा निवडा आणि फॉर्मवर खरी किंमत लिहा. शुल्क वाचवायला ५ डॉलर लिहिले असतील तर ५ डॉलरच्या वर दावा टिकणं कठीण. पाठवण्यापूर्वी कार्डाचे पुढून-मागून, चारही कोपऱ्यांचे आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या बंद पॅकेटचे फोटो काढा. पावती जपून ठेवा. चौकशीचा अर्ज टपालात टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, आणि त्यावर पावतीवरचाच नंबर लिहायचा असतो.