‘सेट’चा जुना मान

दारव्ह्याकडच्या अभ्यासिकेतली पोरं अजूनही घोकतात: इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘सेट’चे. उत्तर शिळं झालंय गड्यांनो.

१९८९च्या ऑक्सफर्ड कोशात ‘सेट’ क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते, तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ तपासायला घेतला आणि २०११पर्यंत त्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. इंजिन, दुकान, संगणकातला प्रोग्राम, निवडणुकीला उभं राहणं, सर्दीत नाक वाहणं, सगळीकडे ‘रन’च. यंत्रं आली तसा तो फुगला.

आपलं ‘चालणं’ तरी काय कमी आहे? विहिरीवर मोटर चालते, किराण्यात उधारी चालते, अन् लाइन गेली की काहीच चालत नाही.