ब्लेड पारखायची वेळ दाढी करणाऱ्यावर कशी आली

वस्तऱ्याच्या काळात ब्लेड निवडण्याचा प्रश्नच नव्हता. एकच पोलादी पातं वर्षानुवर्षं चालायचं. दाढी चरचरली तर दोष पात्यापेक्षा परजणाऱ्या हाताला लागायचा. दगडावर धार काढायची, चामड्याच्या पट्ट्यावर परजायची, मनगटावरच्या केसाला लावून बघायची. फेस गालावर चढण्याआधीच पात्याची परीक्षा आटोपलेली असायची. आज डबल-एज, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेल्या पातळ ब्लेडची चार पाकिटं समोर ठेवून तुलना करणारा माणूस तीच परीक्षा स्वतःच्या कातडीवर घेतो.

पात्याला आडोसा लावायची कल्पना जुनी. फ्रान्समधल्या झाँ-झाक पेरे या कारागिराने अठराव्या शतकात सुताराच्या रंध्यावरून ती घेतली आणि पात्याची धार जेमतेम बाहेर राहील असं लाकडी आवरण बसवलं. अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये आडव्या डोक्याच्या रेझरचं पेटंट घेतलं. या दोन्हींत कापण्याचा धोका कमी झाला, पण पातं जाडच होतं आणि त्याला धार लावत राहणं चुकत नव्हतं.

किंग कॅम्प जिलेट यांनी नेमकं तेच काढून टाकायचं ठरवलं. धार गेली की पातं फेकून द्यायचं, ही कल्पना त्यांना १८९५ मध्ये सुचली. अडचण धातूची होती. पोलादाचा इतका पातळ पत्रा कडक करायला तापवून थंड केला की तो मुडपतो, आणि मुडपलेल्या पत्र्याला सरळ धार बसत नाही. जाणकारांनी हे जमणार नाही असंच सांगितलं होतं. विल्यम निकरसन या अभियंत्याने त्यासाठी यंत्रं बसवली आणि १९०३ मध्ये विक्री सुरू झाली. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर वाटले गेले, त्यामुळे घरी, रोज, आपल्या हाताने दाढी करायची सवय लाखो लोकांना लागली.

मूळ पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपली आणि इतर कारखान्यांना त्या मापाची ब्लेड बनवायची वाट मोकळी झाली. १९३० च्या सुमारास मधल्या लांब खाचेचा आकार रूढ झाला आणि तोच आजवर टिकला. कोणाचंही ब्लेड कोणाच्याही रेझरमध्ये बसतं, ते यामुळे. तुलना शक्य झाली तीही इथूनच. याच बदलाच्या काळात जिलेट कंपनीच्या ब्लेडचा दर्जा घसरला. १९३२ मध्ये कंपनीने तसं उघडपणे मान्य केलं, ते ब्लेड मागे घेतलं आणि ‘ब्लू ब्लेड’ आणलं. नावावरून ब्लेडची खात्री देता येत नाही, याचा हा जुना दाखला आहे.

ही सगळी ब्लेड कार्बन पोलादाची. धार उत्तम, पण ओली राहिली की रात्रीत गंज. म्हणून ती पुसून ठेवायची सवय पडली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने थर चढवलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि एका ब्लेडवर कितीतरी जास्त दाढ्या होऊ लागल्या. गंमत अशी की त्या थराचं पेटंट जिलेटकडे असल्याने विल्किन्सनला त्यांनाच स्वामित्वशुल्क द्यावं लागलं. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज, म्हणजे पाती बसवलेलं बदलायचं डोकं, आलं आणि मोठ्या कंपन्यांचं लक्ष तिकडे वळलं. डबल-एज ब्लेड मात्र बनतच राहिलं.

माप एक, तरी ब्लेड वेगळी का लागतात, याचं उत्तर या थरांत आहे. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीच्या क्रोमियमयुक्त पोलादावर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा कडक थर असतो आणि त्यावर टेफ्लॉनचा. धातूचा थर धार टिकवतो, टेफ्लॉन घर्षण कमी करतं. धार लावायची तऱ्हा आणि या थरांचं प्रमाण प्रत्येक कारखान्याचं निराळं. त्यामुळे ‘तेज’ आणि ‘मऊ’ हे दोन वेगळे गुण आहेत. अतिशय तेज ब्लेड आग करू शकतं आणि थोडं कमी तेज ब्लेड मऊ चालूनही उलट्या हाताला, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध फिरवताना, खेचू शकतं.

पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नये, तेही याच कारणाने. टेफ्लॉन धारेच्या टोकावरून पहिल्या काही फटक्यांत मागे सरकतं. अनेक ब्लेड दुसऱ्या दाढीला जास्त मऊ लागतात. काही जण नवं ब्लेड बुचात दाबून हा थर आधीच कमी करतात. तुलना करताना ते टाळावं, कारण बुचाचा दाब दर वेळी सारखा नसतो. ब्लेड टॉवेलला पुसणंही सोडावं. कार्बन पोलादाला ते हवं होतं. स्टेनलेसला पाण्याखाली धरून झटकणं पुरतं, पुसताना धारच दुखावते.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केसही धारेचे कण उडवू शकतो. केस वाकायला मोकळा असेल आणि पोलादाची रचना त्या जागी एकसारखी नसेल तर हे घडतं. म्हणजे ब्लेड संपतं ते नुसतं झिजून नव्हे.

चाचणीत म्हणून ब्लेड सोडून काहीच बदलू नये: तोच रेझर, तोच साबण, तेवढ्याच तासांची वाढ, दोन-तीन मिनिटं भिजवलेली दाढी. आधी केसांच्या दिशेने सुलटा हात, मग आडवा, शेवटी उलटा; रेझरच्या वजनापेक्षा जास्त दाब नाही. बसवल्यावर दोन्ही बाजूंनी धार सारखी दिसते का ते बघावं. ब्लेड तिरकं बसलं की एक बाजू ओरबाडते आणि बोल विनाकारण ब्लेडला लागतो. अर्धा चेहरा एका ब्लेडने, अर्धा दुसऱ्याने करायचा तर पुढच्या वेळी बाजू बदलावी, कारण उजव्या हाताचा कोन दोन्ही गालांवर सारखा पडत नाही. शेवटी ओली तुरटी फिरवावी. ती मानेवर चरचरली आणि गालावर नाही, तर आधी मानेवरच्या केसांची दिशा तपासावी. सगळीकडेच चरचरली तर त्याच पाकिटातलं दुसरं ब्लेड घेऊन आणखी तीन दाढ्या कराव्यात आणि मगच ते पाकीट बाजूला काढावं.