स्थानिक अन्नधोरण (कोकण किनारा)

आपल्या हद्दीत पिकणारे, पकडले जाणारे, विकले जाणारे व वाटले जाणारे अन्न सकस असावे, ते देणारी जमीन व पाणी टिकावे आणि पिकवणाऱ्या-विकणाऱ्याला रास्त वाटा मिळावा, यासाठी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद व महानगरपालिका जे नियम, कर, खर्च व व्यवस्था ठरवतात, त्यांना एकत्रितपणे स्थानिक अन्नधोरण म्हणतात. या अर्थाने ही संज्ञा अलीकडची आहे. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी इटलीतील मिलान येथे अनेक शहरांनी मान्य केलेल्या नागरी अन्नधोरण करारानंतर ती रुळली. त्या करारात कारभार, पोषण, सामाजिक न्याय, उत्पादन, पुरवठा व नासाडी अशा सहा विषयांखाली ३७ कृती सुचवल्या आहेत. तो मसुदा मोठ्या शहरांना नजरेसमोर ठेवून केलेला आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर (जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किमी.) धोरणाचा कागद क्वचितच सापडतो. धोरण असते ते बांधाच्या दुरुस्तीत, बाजाराच्या पावतीत आणि अंगणवाडीच्या पातेल्यात.

कायद्याचा आधार : ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. ‘अन्न’ हा शब्द शीर्षक म्हणून त्यात नाही. पण शेती, भूसुधारणा व मृद्‌संधारण, लघु पाटबंधारे, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, बाजार व जत्रा, महिला व बालविकास आणि सार्वजनिक वितरण हे विषय आहेत. शहरांना लागू असलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत शेती किंवा मासेमारी नाही. त्यामुळे समुद्राला लागून असलेल्या नगरपरिषदेला मासळीबाजार बांधता येतो, पण मासेमारीच्या प्रश्नावर तिचे म्हणणे सल्ल्यापुरते उरते. ग्रामपंचायतीची कामे व कर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर, तर जिल्हा परिषदेची १९६१ च्या अधिनियमावर बेतलेली आहेत. विषय सोपवले गेले, मात्र त्यासाठीचे कर्मचारी व पैसा बहुतांशी राज्याच्या खात्यांकडेच राहिला. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या अंतरात आहे.

खारबांध व त्याची जबाबदारी : खाडीकाठची खारी जमीन बांध घालून भातासाठी राखणे ही किनाऱ्यावरची सर्वांत जुनी सामूहिक अन्नव्यवस्था समजली जाते. तिचा उगम वादग्रस्त आहे. गोव्यातील बांदिवडे येथील, कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मन याच्या ताम्रपटात खज्जन (आजचे खाजण) जमिनीचे दान असून ती बांध घालून लागवडीस आणावी, असा आशय अभ्यासकांनी वाचला आहे. अक्षरवळणावरून हा ताम्रपट सामान्यतः सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. काहींच्या मते तो थोडा आधीचा असावा. यावरून बंदिस्ती हे राजसत्तेच्या उत्तेजनाने झालेले काम होते, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार राजाने केवळ हक्क व सूट दिली. बांध घालणे आणि राखणे गावाच्या मंडळीकडेच होते. या मताला गोव्याच्या गावकरी पद्धतीचा (गावची जमीन मूळ घराण्यांच्या मंडळीने एकत्र राखण्याच्या रीतीचा) आधार दिला जातो. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याच्या १५२६ च्या सनदेत गावकऱ्यांचे रिवाज नोंदले आहेत. ती नोंद असल्यामुळे रिवाज त्याआधीचा ठरतो, मात्र किती आधीचा हे तिच्यावरून सांगता येत नाही.

उत्तरेकडे, जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात, चित्र वेगळे आहे. तेथे शिलोत्री नावाची धारापद्धत (जमीन धारण करण्याची रीत) होती. ज्याने बाहेरचा बांध घालून जमीन काढली तो शिलोत्रीदार. एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरांनुसार कुळाकडून त्याला साऱ्याशिवाय बिघ्यामागे एक मण भात मिळे आणि त्या बदल्यात बाहेरचा बांध शाबूत ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असे. म्हणजे येथे सामूहिक मालकी नव्हती. ठरलेला हप्ता आणि ठरलेली जबाबदारी होती. प्रत्यक्ष अंगमेहनत मात्र गावाचीच असे. अलिबाग-पेण भागात बांधदुरुस्तीच्या अशा एकत्र कामाला ‘जोळ’ म्हणतात. उपलब्ध पुराव्यावरून पाहता एकच उगम शोधण्यापेक्षा दक्षिणेत गावसंस्था आणि उत्तरेत हप्तेदार अशा दोन परंपरा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्हींत एक गोष्ट समान होती : दुरुस्तीचा खर्च पिकातूनच वेगळा काढला जाई आणि कोणाला बोलवायचे हे गावाला ठाऊक असे.

ही घडी विसाव्या शतकात मोडली. खोती (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी) व सावकारी शोषणाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. १९४९ मध्ये खोती नाहीशी करणारा कायदा झाला, पुढे कुळकायद्याने कसणारा मालक झाला. हे न्यायाचे पाऊल होते आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु जुन्या धारकाबरोबर बांध राखण्याचे बंधनही गेले आणि ते कोणत्याही ग्रामपंचायतीकडे आले नाही. १९४८ च्या खारजमीन कायद्यान्वये मंडळ स्थापन झाले. १९७९ च्या खारजमीन विकास अधिनियमानंतर योजनेत घेतलेले बांध राज्याच्या खात्याकडे गेले. योजनेबाहेरचे शेतकऱ्यांवर राहिले. गोव्यात १९७५ च्या नियमांन्वये कुळांच्या संघटना नेमून बांधाची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, त्यामुळे तेथे निदान विचारायचे कोणाला हे ठरलेले आहे.

बांधाचे तंत्र साधे आहे, पण वेळेचे आहे. खाडीतल्या चिकट गाळाचा बांध उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीहून उंच ठेवतात आणि लाटेच्या अंगाला दगड लावतात. पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी उघाडी असते. तिचे झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते व भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. त्यात ओंडका किंवा प्लॅस्टिक अडकले की झडप पुरते बसत नाही आणि खारे पाणी रोज दोनदा आत येते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, पिकात दिसतो. खेकड्यांची बिळे हे दुसरे कारण. बिळातून झिरपणारे पाणी गाळ धुऊन नेते आणि एखाद्या उधाणाला तेथेच खांड (बांधाला भगदाड) पडते. खांड भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांतच बुजवावी लागते. भांग ते उधाण यांत साधारण आठवडा मिळतो. तेवढ्यात मेखा ठोकून, पेंढा व झाडोरा दाबून, गाळाच्या गोण्या रचून काम भरतीपातळीच्या वर आणावे लागते. अर्धवट राहिलेले काम पुढच्या उधाणात वाहून जाते. म्हणूनच अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असा मार्ग येथे मुळातच उशिराचा आहे. तोपर्यंत मे संपतो. पंचायतीने मेखा, गोण्या व दगडाचा साठा फेब्रुवारीपासून बांधावर तयार ठेवणे आणि उघाडी राखणाऱ्याला ग्रामनिधीतून नियमित मानधन देणे, हे दोन उपाय तुलनेने स्वस्त व परिणामकारक ठरतात.

खारे पाणी शिरलेल्या खाचरात मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन ओहोटीला उघाडीतून काढावे लागते. पाऊस खंडला की ते पुन्हा वर येते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. रायगडातील राता व गोव्यातील कोरगूट ही त्याच गुणाची जुनी भाते. बियाणे बदलून बांधाची उणीव भरत नाही, हे मात्र लक्षात घ्यावे. जमीन काही वर्षे पडीक राहिली की तेथे कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या व त्यानंतर २०१८ च्या निर्णयाने कांदळवन तोडण्यास मनाई असून सभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव आहे. कांदळवन राखणे आवश्यकच आहे. पण त्यामुळे जुना बांध दुरुस्त करायला न्यायालयापर्यंत जावे लागते आणि लहान शेतकरी तेथेच थांबतो. खांड पहिल्याच हंगामात बुजवणे हाच यावरचा खरा उपाय.

दक्षिणेत याला आणखी एक पैलू आहे. गोव्यात उघाडीला मानस म्हणतात व तेथील मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला भरतीबरोबर मासळी आत यायला हवी असते, म्हणून दार गरजेपेक्षा जास्त उघडे राहते, पाण्याच्या वेगाने बांधाचा पाया खचतो व भाताचे नुकसान होते. लिलावाच्या अटीत दार उघडण्याची वेळ व पातळी नमूद करणे आणि किल्ली शेतकऱ्यांकडे ठेवणे हे धोरणाचेच काम आहे.

बाजार : आठवडा बाजारावर फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. बहुतेक ठिकाणी ती स्वतः वसूल न करता वर्षाचा ठेका लिलावात देतात. पंचायतीला रक्कम आगाऊ मिळते, पण ठेकेदार जास्तीत जास्त वसुली करणार हे उघड आहे. डोक्यावर एक पाटी घेऊन आलेल्या बाईकडून आणि टेम्पो लावणाऱ्या व्यापाऱ्याकडून सारखीच पावती घेतली गेली, तर पाटीवालीचा सकाळचा नफा तेथेच संपतो. ठरावात जागेच्या चौरस फुटांप्रमाणे दर, गावच्या उत्पादकाच्या पाटीला माफी किंवा नाममात्र फी, छापील क्रमांकित पावती व दरफलक या चार गोष्टी असल्या तर वाद निम्मे होतात. पैकी पावती सर्वांत महत्त्वाची. तिच्याशिवाय तक्रार सिद्ध होत नाही. शहरांत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली असून तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे व त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. कोळणींची बसण्याची जागा पिढीजात असली तरी कागदावर नसते. नवा बाजार बांधताना पहिली गरज म्हणून ओट्यांची यादी जुन्या जागेवरच, बसलेल्या क्रमाने करावी.

मासळीबाजाराच्या बांधणीत उतार चुकणे हा नेहमीचा दोष. ओट्याचे पाणी मागे नालीत जायला हवे; ते पुढे आले की गिऱ्हाईक त्यातून चालते आणि माशा वाढतात. बर्फ मासळीच्या वजनाइतका लागतो. बर्फाची सोय दूर असली की विक्रेती तो निम्मा वापरते आणि दुपारनंतर माल पडेल भावाने जातो. सुक्या मासळीसाठी वलांडी (मासळी टांगून वाळवण्याची बांबूची चौकट) उभारण्याची मोकळी जागा सातबाऱ्यावर कोळीवाड्याच्या वापरासाठी म्हणून अनेकदा नोंदलेली नसते, ती पर्यटनाच्या बांधकामात जाते. जमिनीवर वाळू लागून सुकलेल्या बोंबलाला वलांडीवरच्या बोंबलाचा भाव येत नाही.

समुद्रातील मासेमारीचे नियम राज्याचे आहेत : १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि २०२३ पासून ५४ जातींसाठी किमान आकार. लहान मासळी शेवटी ओट्यावरच येते, म्हणून बाजारात जातवार आकाराचा फलक व मोजपट्टी लावणे पालिकेच्या हाती आहे. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा घोषित झाला. त्याची पिल्ले टोपलीत विकली जाणे थांबले तर त्या घोषणेला अर्थ येईल.

पोषण : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. ते मुख्यतः तांदूळ व गहू असते. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवरची नाचणी व वरी त्याआधीच हटू लागली होती; १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने त्याच जमिनीवर आंबा-काजू आला. उत्पन्न वाढले, घरच्या ताटातले कॅल्शियम घटले. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या बालकासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण २०२३ च्या सुधारणेपर्यंत होते. तीव्र कुपोषिताला तेव्हा ८०० किलोकॅलरी. ठेकेदारांमार्फत पुरवठ्याला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मनाई केल्यामुळे गावचा बचतगट हा आहार शिजवू शकतो. त्याने गावचीच नाचणी घ्यावी, असा ठराव पंचायत करू शकते. अडचण देयकाची : बिल महिनोन्‌महिने थकले की गट किराणा उधारीवर आणतो आणि सर्वांत आधी डाळ पातळ होते. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. त्यातून गटाला फिरता निधी दिल्यास ही तूट भरते. डहाणू-तलासरी या अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते.

नासाडी व कचरा : वेंगुर्ले नगरपरिषदेने काटेकोर वर्गीकरण व ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस हा नमुना घालून दिला. मासळीच्या कचऱ्यात नत्र फार, म्हणून तो एकटा कुजवल्यास अमोनियाचा वास सुटतो. आकारमानाने तिप्पट सुका पालापाचोळा, तूस किंवा काथ्याचा भुसा मिसळून वर हातभर थर द्यावा लागतो. खारवलेल्या सुकटीचा कचरा त्यात घालू नये. तो वेगळा ठेवून माडाच्या आळ्यात देतात, कारण माडाला मीठ सोसते, भाजीच्या रोपाला नाही.