शुक्राला ढगांनी किती छळलं

शुक्राचा अस्त असला की आपल्याकडे पंचांगातले लग्नाचे मुहूर्त बंद, म्हणजे हा ग्रह कधी दिसतो न कधी दिसत नाही याचा हिशोब लोक फार आधीपासून ठेवतायत. बाबिलोनमध्ये तर अम्मिसदुक राजाच्या काळात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी, त्याच्या उदय-अस्ताच्या नोंदी झाल्या आणि त्यांच्या नंतरच्या नकला मातीच्या पाट्यांवर आजही आहेत. मग १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या, शुक्र सूर्याभोवती फिरतो हे त्यातून पक्कं झालं. पण दुर्बीण कितीही मोठी केली तरी पुढे दिसणार काय, नुसता पांढरा गोळा! वर सगळे ढगच ढग.

त्यामुळे पुढची दीडदोनशे वर्षं लोकांना शुक्रापेक्षा त्याच्या अधिक्रमणात जास्त इंटरेस्ट होता. शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो ते पृथ्वीवर लांब लांबच्या ठिकाणांहून मोजलं तर सूर्याचं अंतर काढता येतं, असं इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅलीने १७१६ मध्ये मांडलं होतं. अधिक्रमणं होतात आठ वर्षांच्या जोडीने, आणि जोडी हुकली की शंभराहून जास्त वर्षं थांबा. म्हणून १७६१ आणि १७६९ ला युरोपातून जगभर माणसं गेली, कॅप्टन कुक ताहितीला गेला तो यासाठीच.

यातला ल जांतीय नावाचा फ्रेंच माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो. तो निघाला पुदुच्चेरीला, पण वाटेतच कळलं की ते इंग्रजांनी घेतलंय, त्यामुळे जहाज माघारी फिरलं आणि ६ जून १७६१ ला हा भर समुद्रात. आकाश स्वच्छ, पण डोलणाऱ्या डेकवरून नेमकं माप कसं घेणार? मग पठ्ठ्या घरी गेलाच नाही, आठ वर्षं याच भागात राहिला, मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले, मनिलाला जाऊन आला आणि शेवटी पुदुच्चेरीत येऊन वेधशाळा मांडून बसला. १७६९ च्या त्या सकाळी नेमके ढग आले, अधिक्रमण संपलं आणि ऊन पडलं. फ्रान्सला परतला तर तिथे त्याला मेलेला धरून अकादमीतली जागा दुसऱ्याला दिलेली, आणि वारस इस्टेट वाटून घ्यायच्या तयारीत.

असो. शुक्रावरचे ढग पाण्याचेच असणार असं धरून विसाव्या शतकातही लोक तिथे दलदल, जंगल वगैरे कल्पना करत होते. मग १९३२ मध्ये माउंट विल्सनच्या वेधशाळेत शुक्राकडून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात भरपूर कार्बन डायऑक्साइड सापडला, १९५६ मध्ये रेडिओ लहरींवरून शुक्र भयंकर तापलेला वाटला, आणि १९६० नंतर रडारने कळलं की तो स्वतःभोवती उलटा फिरतो आणि अशा एका फेरीला २४३ दिवस घेतो. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचं मरिनर २ जवळून गेलं, दुसऱ्या ग्रहाजवळून माहिती पाठवणारं पहिलं यान ते, आणि त्यानेही उष्णतेवर शिक्कामोर्तब केलं.

उतरायचं काम मात्र रशियनांनी अंगावर घेतलं, आणि माझ्या मते त्याचं कौतुक अजून पुरेसं झालेलं नाही. आधीची याने खाली पोचायच्या आधीच चिरडली गेली म्हणून व्हेनेरा ७ ला पाणबुडीसारखं जाडजूड केलं. १५ डिसेंबर १९७० ला त्याचं पॅराशूट फाटलं, ते धाडकन आपटलं आणि सिग्नल जवळजवळ बंद, सगळ्यांना वाटलं संपलं. नंतर रेकॉर्ड केलेल्या टेप पुन्हा तपासल्या तर त्या खरखरीत २३ मिनिटांचा अगदी क्षीण सिग्नल निघाला, तापमान साधारण ४७५ अंश सेल्सिअस! १९७५ ला व्हेनेरा ९ ने जमिनीचा पहिला फोटो पाठवला, १९८२ ला व्हेनेरा १३ तिथे १२७ मिनिटं टिकलं. त्याच्या जुळ्या व्हेनेरा १४ चा किस्सा तर भारीच, माती किती कडक आहे ते मोजायला दांडा खाली आला आणि पडला नेमका कॅमेऱ्याच्या निघालेल्या झाकणावर, म्हणजे कडकपणा मोजला तो पृथ्वीवरून नेलेल्या झाकणाचा.

ढगांखालचा पूर्ण नकाशा शेवटी नासाच्या मॅगेलनने रडारने केला, १९९० ते ९४, तब्बल ९८ टक्के पृष्ठभाग. त्यानंतर युरोपचं व्हीनस एक्स्प्रेस गेलं, जपानचं अकात्सुकी २०१० ला इंजिन बिघडून पुढे निघून गेलं आणि पाच वर्षं सूर्याभोवती फिरून २०१५ ला छोट्या थ्रस्टरवर कसंबसं कक्षेत बसलं. २०२० ला ढगांत फॉस्फीन, म्हणजे जीवसृष्टीची खूण असू शकेल असा वायू, सापडल्याचा गाजावाजा झाला, त्यावरचा वाद अजून चालूच आहे. आणि २०२३ मध्ये मॅगेलनच्याच १९९१ च्या जुन्या रडार चित्रांत माट मॉन्स या तिथल्या डोंगराजवळचं एक ज्वालामुखीचं तोंड आठ महिन्यांत आकार बदलून मोठं झालेलं दिसलं, म्हणजे डेटा तीस वर्षं पडूनच होता.

आता इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिलीय, बजेट १२३६ कोटी, टार्गेट मार्च २०२८. ढगांखाली बघायला त्या यानावरही रडारच असणार आहे.